माळ घालून सुटत नाही ती गोळी

शाळेच्या इतिहासात अंजनगाव सुर्जी भेटतं ते एका तहापुरतं. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंद्यांनी इथे इंग्रजांशी तह केला. शहानूर नदीकाठचं, पानमळ्यांचं आणि केळीचं हे गाव त्यानंतर पुस्तकातून गायब होतं. पण याच तालुक्यात पुढे आणखी एक इतिहास घडला. त्याची सनावळी कुणाला पाठ करावी लागत नाही, पण तो वऱ्हाडातल्या घराघरांतून गेलेला आहे. व्यसनाचा आणि व्यसनातून सुटण्याचा हा इतिहास दारूपासून सुरू होतो आणि आज उशाशी ठेवलेल्या झोपेच्या गोळ्यांपाशी येऊन पोचतो.

शेंडगाव हे अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी तिथे झिंगराजी आणि सखूबाई जाणोरकर या परीट जोडप्याला मुलगा झाला. त्याचं नाव डेबू. आपण त्याला गाडगेबाबा म्हणून ओळखतो. त्या काळी देवाला बकरं-कोंबडं कापायचं आणि दारूचा नैवेद्य दाखवायचा, ही अनेक जातींची रीत होती. सण असो, बारसं असो, तेरवी असो, पंगतीला दारू हवीच. झिंगराजी याच वाटेनं दारूत गेला. आधी देवासाठी, मग पाहुण्यांसाठी, मग कुठल्याही कारणाशिवाय. त्यातच तो खंगून गेला, तेव्हा डेबू जेमतेम आठ वर्षांचा होता. माझ्या पोराला या दारूपासून आणि दारू मागणाऱ्या देवांपासून लांब ठेव, असं त्यानं मरताना बायकोला सांगितल्याची आठवण चरित्रकारांनी नोंदवली आहे.

सखूबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. डेबूनं मामाची गुरं राखली, नांगर धरला, शेत कसलं. मामा चंद्रभानजीची जमीन सावकारानं गिळली तीही त्यानं डोळ्यांनी पाहिली. म्हणजे वऱ्हाडातल्या माणसाला पोखरणाऱ्या दोन्ही गोष्टी, व्यसन आणि कर्ज, या मुलानं मिसरूड फुटण्याआधीच घरात पाहिल्या होत्या.

पुढे त्याचं कुंताबाईशी लग्न झालं आणि पहिली मुलगी झाली. बारशाला सगळी जात जमली. पंगत बसली. पानावर मटण येईल, द्रोणात दारू येईल, म्हणून मंडळी वाट पाहत होती. आले ते बुंदीचे लाडू आणि गोडाचं जेवण. पंगतीत कुजबुज झाली, मग आवाज चढले. बारशाला दारू नाही म्हणजे जातीचा अपमान. वाळीत टाकण्याची भाषा झाली असेल, तर नवल नाही. पण डेबू हटला नाही. एका माणसानं एका पंगतीत, सगळ्यांच्या देखत, दारूला नाही म्हटलं. वऱ्हाडातल्या व्यसनमुक्तीच्या इतिहासातलं ते पहिलं मोठं पान आहे, असं मी मानतो. कारण ते चारचौघांत घडलं. नुसतं मनाशी ठरवलं असतं, तर त्याची कहाणी झाली नसती.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यानं घर सोडलं. दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन. गाडगेबाबा कीर्तनात प्रवचन झोडत नसत, समोरच्या गर्दीला प्रश्न विचारत. दारू पिऊन कुणाचं भलं झालं? सावकाराचं कर्ज कशापायी काढलं? बायकोच्या अंगावर लुगडं आहे का? उत्तर गर्दीलाच द्यावं लागे, मोठ्यानं, शेजाऱ्याच्या कानावर पडेल असं. आपल्या घरात दारूनं काय केलं, हे माणूस त्या गर्दीत स्वतःच्या तोंडानं कबूल करून बसे. हे काम त्यांनी २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीपाशी प्राण सोडेपर्यंत केलं.

याच अमरावती जिल्ह्यातले दुसरे संत तुकडोजी महाराज. त्यांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. खंजिरी, भजन आणि सामुदायिक प्रार्थना हे त्यांचं हत्यार. व्यसन सोडायचं तर एकट्यानं कुढत बसून नाही, गावानं एकत्र बसून, हा त्यांचा आग्रह. योगायोग असा, की त्याच वर्षी जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अक्रन गावी, डॉक्टर बॉब स्मिथ नावाच्या शल्यचिकित्सकानं १० जूनला शेवटची दारू घेतली आणि बिल विल्सन या दारू सोडलेल्या माणसाच्या सोबतीनं अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची संघटना सुरू झाली. मोझरीला अक्रन माहीत नव्हतं, अक्रनला मोझरी. पण दोन्हीकडे औषध एकच निघालं. आपल्यासारखीच माणसं भोवती बसवायची आणि त्यांच्यासमोर खरं बोलायचं.

डॉक्टर बॉबच्या कहाणीत मात्र एक बारकावा आहे, आणि माझ्या विषयाला तिथेच सुरुवात होते. सकाळी हात थरथरायचे, शस्त्रक्रिया करायची तर ते स्थिर हवेत, म्हणून हा डॉक्टर शामक औषधांचे मोठे डोस घ्यायचा. म्हणजे दारूच्या पाठोपाठ गोळी तेव्हाही घरात शिरलेली होती. ती बार्बिट्युरेटची पिढी. १९०३ साली व्हेरोनल बाजारात आलं, त्यानंतर अशा औषधांची रांग लागली. ती धोक्याची होती, थोडी जास्त झाली की श्वास थांबायचा. त्यामुळे १९५० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ एका निर्धोक गोळीच्या शोधात होते.

ती सापडली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या नटली इथे, रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत. लिओ स्टर्नबाख हा पोलंडमध्ये शिकलेला ज्यू रसायनशास्त्रज्ञ. क्राकोवमध्ये तरुणपणी रंगद्रव्यांसाठी बनवलेली काही संयुगं त्यानं पुन्हा हाती घेतली. चाळीसेक संयुगं करून पाहिली, एकाचाही उपयोग होईना. वरून सांगण्यात आलं, हे काम थांबवा. १९५७ साली प्रयोगशाळेची आवराआवर करताना त्याचा सहकारी अर्ल रीडर याला टेबलावर एका संयुगाचे स्फटिक पडलेले दिसले. कधीच तपासणीला न पाठवलेले. टाकून देण्याआधी एकदा पाहू म्हणून ते औषधशास्त्रज्ञ लोवेल रँडलकडे गेले. उंदीर शांत झाले, मांजरं ढिली पडली, पण गुंगून गेली नाहीत. हेच लिब्रियम, १९६० साली बाजारात आलं. १९६३ साली त्याचंच जास्त जोरदार भावंड व्हॅलियम आलं, म्हणजे डायझेपाम. या सगळ्या कुळाला बेंझोडायझेपिन म्हणतात. १९७८ साली एकट्या अमेरिकेत व्हॅलियमच्या सुमारे २३० कोटी गोळ्या विकल्या गेल्या.

भारतात ही गोळी रुळली ती काम्पोज या नावानं. रॅनबॅक्सीनं १९६९ साली ते बाजारात आणलं आणि कंपनीचं नाव त्या एका गोळीवर मोठं झालं. १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी उरली नाही, फक्त ते बनवण्याच्या कृतीवर उरली. त्यामुळे देशी कारखान्यांना तीच औषधं वेगळ्या कृतीनं बनवायची वाट मोकळी झाली आणि गोळ्या स्वस्त झाल्या. ही गोष्ट गरिबाच्या भल्याचीच होती, तापाच्या गोळीपासून क्षयाच्या औषधापर्यंत. पण त्याच दारातून झोपेची गोळीही खेड्यापर्यंत गेली. डायझेपामनंतर नायट्राझेपाम, मग लोराझेपाम, १९८० च्या दशकात अल्प्राझोलम, पुढे क्लोनाझेपाम. दारूचं दुकान गावाबाहेर असतं, ही गोळी बाजारपेठेच्या मधोमध काचेच्या कपाटात बसली.

हे व्यसन घरात कसं येतं ते जवळून पाहिलं पाहिजे. धाकट्या पोरीचं लग्न ठरलं, पैशाची जुळवाजुळव होत नाही. कपाशीला बोंडअळी लागली. सासू अंथरुणाला खिळली. नवरा गेला. बाईला रात्री छातीत धडधडतं, घाबरल्यासारखं होतं, दोनच्या ठोक्याला टक्क जाग येते. डॉक्टर रक्तदाब मोजतात, ईसीजी काढतात, सगळं ठीक असतं. चिठ्ठीत इतर गोळ्यांबरोबर एक पांढरी गोळी लिहिली जाते, अर्ध्या मिलिग्रॅमची, रात्री झोपताना, पंधरा दिवसांसाठी. पहिल्या रात्री बाई सहा तास झोपते. कित्येक महिन्यांनी! ती डॉक्टरांना आशीर्वाद देते. इथपर्यंत कुणाचंच काही चुकलेलं नाही.

चूक नंतर होते, आणि ती हळूहळू होते. पंधरा दिवस संपतात, पण डॉक्टरांकडे पुन्हा जायचं तर मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, तपासणीची फी लागते. मेडिकलवर तीच जुनी चिठ्ठी चालते. घडीवर घडी पडून तिच्या रेघा फाटायला आलेल्या असतात. चिठ्ठी हरवली तर रिकाम्या स्ट्रिपचा चांदीचा तुकडा दाखवला तरी भागतं. दहाच्या स्ट्रिपमधून कात्रीनं पाच कापून देतात. नाव अर्धं कापलं जातं, तारीख दुसऱ्या तुकड्यावर जाते. वर्ष उलटतं. आता अर्धी गोळी पुरत नाही, एक लागते. दुपारीसुद्धा छातीत धडधडायला लागतं, मग दुपारची अर्धी सुरू होते. आणि एखाद्या दिवशी गोळ्या संपल्या, मेडिकल बंद असलं, की बाईला आधीपेक्षा दुप्पट घाबरायला होतं, हातपाय कापतात, घाम फुटतो, आवाज सहन होत नाही. वऱ्हाडी बोलीतलं एक वाक्य दवाखान्यांतून कायम ऐकू येतं: गोयी घेतल्याबिगर डोया लागत नाई. तिला वाटतं मूळ आजार बळावला. खरं तर मेंदू गोळी मागत असतो. गोळी बाहेरून मेंदूला शांत करते. तसं रोज झालं की मेंदू स्वतःची शांत होण्याची ताकद कमी करतो. आणि गोळी एकाएकी काढून घेतली की मेंदू कासरा सुटलेल्या बैलासारखा उधळतो.

हे शास्त्राला उशिरा कळलं असं म्हणायलाही जागा नाही. लिब्रियम बाजारात येऊन वर्षच झालं होतं, १९६१ साली लिओ हॉलिस्टर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोठा डोस काही महिने घेतलेल्या ११ रुग्णांची गोळी एकदम बंद करून त्यांना बिनऔषधाची गोळी दिली. त्यातल्या १० जणांना त्रास सुरू झाला, दोघांना आकडी आली. म्हणजे ही सवय शरीराला लागते, हे गोळीच्या जन्मापासून लिहून ठेवलेलं होतं. तरी वीस वर्षं डॉक्टरांनी ती निर्धोक म्हणूनच लिहिली. माझ्या मते औषधांच्या इतिहासातली ही मोठी नामुष्की आहे, आणि तिची किंमत मोजली ती मुख्यतः बायकांनी. ही गोळी जगभर बायकांनाच जास्त दिली गेली.

१९७९ साली बार्बरा गॉर्डन या अमेरिकी टीव्ही निर्मातीचं पुस्तक आलं. पाठदुखीसाठी सुरू झालेलं व्हॅलियम तिनं एका दिवसात बंद केलं आणि ती मनोरुग्णालयात जाऊन पोचली. त्याच वर्षी सिनेटर एडवर्ड केनेडींच्या समितीसमोर या गोळ्यांची सुनावणी झाली. त्याआधी वर्षभर, १९७८ साली, माजी अध्यक्षांच्या पत्नी बेट्टी फोर्ड यांनी दारूबरोबर गोळ्यांचं व्यसन असल्याचं जाहीर कबूल केलं होतं. ब्रिटनमध्ये १९८३ पासून बीबीसीच्या 'दॅट्स लाइफ' या कार्यक्रमानं हा विषय घराघरांत नेला. गोळीत अडकलेल्या हजारो माणसांची, त्यातही बायकांची, पत्रं आली. माणसं एकमेकांना शोधू लागली, दिवाणखान्यांत आणि चर्चच्या खोल्यांत जमून बसू लागली. पुढे सुमारे १४ हजार रुग्ण औषध कंपन्यांविरुद्ध न्यायालयात उतरले, तो खटला मात्र सरकारी कायदेशीर मदतीअभावी मधेच कोसळला.

या सगळ्यात एक नाव वऱ्हाडातल्या प्रत्येक डॉक्टरला माहीत असावं असं मला वाटतं. हेदर ॲश्टन. न्यूकॅसलच्या विद्यापीठातल्या औषधशास्त्राच्या प्राध्यापक. १९८२ पासून १९९४ पर्यंत बारा वर्षं त्यांनी फक्त ही गोळी सोडवण्यासाठी दवाखाना चालवला. त्या रुग्णांना बजावत बसल्या नाहीत, ऐकत बसल्या. कुणाला कधी किती त्रास झाला, कोणत्या आठवड्यात, किती कमी केल्यावर, हे सगळं त्यांनी रुग्णांकडूनच शिकून घेतलं. त्यातून एक रीत तयार झाली. आधी लवकर उतरणारी गोळी बदलून डायझेपामवर आणायचं, कारण डायझेपाम अंगातून सावकाश उतरतं. ॲश्टनबाईंच्या हिशेबानं अर्धा मिलिग्रॅम अल्प्राझोलम म्हणजे जवळजवळ १० मिलिग्रॅम डायझेपाम. मोहरीएवढी दिसणारी पांढरी गोळी केवढी जबर असते, हे त्या एका आकड्यावरून कळतं. मग ते डायझेपाम दर आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडं थोडं कमी करायचं, साधारण दहाव्या हिश्श्यानं. महिनोन्‌महिने. कुणाला वर्ष लागतं, कुणाला दीड वर्ष. मधे त्रास वाढला तर थांबायचं, पण मागे फिरायचं नाही. वेग रुग्णानं ठरवायचा. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीनं डॉक्टरांना बजावलं, की ही गोळी दोन ते चार आठवड्यांपलीकडे लिहू नका. अमेरिकेला या गोळ्यांच्या खोक्यावर व्यसनाचा ठळक इशारा छापायला २०२० साल उजाडलं.

आता वऱ्हाडाकडे परत येतो, कारण इथेच एक मोठी अडचण उभी राहते.

आपल्याकडे व्यसन सोडायची रीत काय? माळ घालायची. एकादशीला, सप्त्याच्या काल्याला, चारचौघांसमोर शपथ घ्यायची आणि त्या क्षणापासून सोडायचं. गाडगेबाबांच्या आणि तुकडोजींच्या कीर्तन-भजनांनी याच भूमीत हजारो माणसांकडून हे करून घेतलं. या रीतीची थोरवी मला मनापासून मान्य आहे. पण गोळीच्या बाबतीत हाच एक घाव दोन तुकड्यांचा मार्ग जिवावर बेततो. वर्षानुवर्षं रोज गोळी घेणाऱ्या माणसानं माळ घालून एका रात्रीत ती टाकली, तर त्याला आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. (मुरलेल्या दारुड्यालाही एकदम दारू तोडल्यावर असा धोका असतो, हेही कीर्तनकारांनी लक्षात ठेवावं.)

याचा पुरावा आपल्या सीमेपलीकडेच आहे. तेलंगणात ताडीत अल्प्राझोलम, डायझेपाम आणि क्लोरल हायड्रेट मिसळून विकायचा धंदा जुना. पिणाऱ्याला वाटतं ताडी चढली, चढलेली असते गोळी. २०१५ च्या सप्टेंबरात सरकारनं भेसळीच्या ताडीवर धाडी घातल्या, दुकानं बंद केली. हेतू चांगला होता. पण नांदेडला लागून असलेल्या निजामाबादसह अनेक जिल्ह्यांत शेकडो लोक थरथरत, बरळत, आकडीनं तडफडत दवाखान्यांत दाखल झाले. आपण कोणत्या औषधाच्या आहारी गेलो आहोत हेच त्यांना माहीत नव्हतं. बंदी आली, सोडवण्याची सोय आली नाही.

मग सोडवण्याची सोय मराठी मुलखात कुठे घडली? पुण्यात. १९८० च्या दशकात गर्दनं, म्हणजे ब्राउन शुगरनं, कोवळी पोरं खाल्ली. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांच्या प्रतिष्ठाननं एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी, येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नाही, आजारी माणूस आहे, ही मुक्तांगणची भूमिका. म्हणून तिथे मारहाण नाही, साखळ्या नाहीत. रुग्ण एकत्र राहतात, एकत्र बोलतात, बरा झालेला माणूस नव्या माणसाचा हात धरतो. बायकांचं दुःख वेगळं म्हणून 'सहचरी' हा रुग्णांच्या पत्नींचा गट निघाला. २००९ पासून व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग आहे. घरी गेलेल्या माणसाची गाठ सुटू नये म्हणून गावोगावी पाठपुरावा केंद्रं आहेत. डॉ. अनिता अवचट १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली. काम त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर पुढे नेत आहे. मला यात गाडगेबाबांचा धागा स्पष्ट दिसतो. माणसं एकत्र बसवायची, खरं बोलायचं आणि बोललेलं कुणी हसण्यावारी न्यायचं नाही. जोडीला एक गोष्ट आली, जी कीर्तनात नव्हती. डॉक्टर.

वऱ्हाडात गोळीच्या मुळाशी जे असतं, ते दुःख, त्यालाच हात घालणारा एक प्रयोग अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झाला. त्याचं नाव 'विश्राम'. आत्महत्यांनी पोळलेल्या या मुलखात गावातल्याच बाया-माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवायचं, उदास माणसाचं ऐकायचं, गरज असेल तर समुपदेशकाकडे आणि त्यापुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं. राहुल शिधये, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट सायकिॲट्री'त मांडले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या १०० माणसांपैकी चारच जण मदतीसाठी कुणाकडे जात, ते प्रमाण २७ वर गेलं. नैराश्याचं प्रमाण १४.६ टक्क्यांवरून ११.३ वर आलं. आत्महत्येचे विचार ५.२ टक्क्यांवरून २.५ वर आले. हे आकडे कोरडे वाटतील, पण मला त्यात ती दोन वाजता जागी होणारी बाई दिसते. तिच्या ओसरीवर कुणी येऊन बसलं असतं, दर आठवड्याला तासभर ऐकलं असतं, तर पांढरी गोळी पंधरा दिवसांतच थांबली असती, किंवा सुरूच झाली नसती. भारतात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. जिथे ऐकणारं माणूस नाही, तिथे ती जागा गोळी घेते.

कायद्यानंही काही केलं. २०१३ साली औषध नियमांत एच-१ ही नवी अनुसूची आली आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाली. अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम यांसारख्या औषधांसाठी मेडिकलवाल्यानं वेगळी नोंदवही ठेवायची, डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती गोळ्या दिल्या ते लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. नियम चांगला आहे. तो पाळणारे दुकानदार आहेत, त्यांचे आभार मानले पाहिजेत. पण मालेगावात अल्प्राझोलम 'कुत्ता गोळी' म्हणून आणि छत्रपती संभाजीनगरात नायट्राझेपाम 'बटन' म्हणून पोरांच्या खिशात सापडतं, त्या अर्थी कुठेतरी वही कोरी राहते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणात दहा ते पंचाहत्तर वयोगटातले १.०८ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख लोक, शामक गोळ्या औषधोपचाराबाहेर घेत असल्याचं आढळलं. चिठ्ठीवर सुरू झालेल्या आणि चिठ्ठीवरच वर्षानुवर्षं चाललेल्या गोळ्या त्या मोजणीत धरलेल्याच नाहीत. त्या बाईला तर आपण व्यसनी आहोत हेच माहीत नसतं. तिला वास येत नाही, ती झिंगत नाही, घरात भांडत नाही. ती सकाळी पाचला उठून सडा घालते.

म्हणून अंजनगावातल्या, अकोटातल्या, दर्यापुरातल्या वाचकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. घरात कुणी दोन-चार महिन्यांपासून रोज झोपेची किंवा घबराटीची गोळी घेत असेल, तर तिची स्ट्रिप नालीत फेकू नका, शपथा घालू नका आणि स्वतःची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, ही गोळी कोणती, किती दिवसांसाठी, आणि कमी कशी करायची. त्यांना वेळ नसेल, तर अमरावती किंवा अकोल्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. एकट्यानं जाऊ नका, घरचं एक माणूस सोबत घ्या. कमी करण्याच्या महिन्यांत घरच्यांनी चिडायचं नाही, लवकर आटप म्हणायचं नाही, रात्री दोनला जाग आली तर सोबत उठून बसायचं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हे दोन्ही फोन विनामूल्य आहेत, आणि टेली-मानसवर रात्रंदिवस मराठीत बोलता येतं.